झाडावर चढून शिकारीला बसताना दोर कमी-जास्त करायला प्रुसिक गाठ (मुख्य दोराभोवती बारीक दोरीचे वेढे; मोकळी असताना सरकते, वजन आलं की पकडते) पुरते, की यांत्रिक अ‍ॅडजस्टर घ्यावा?

माझं मत विचाराल तर दोन्ही, पण वेगवेगळ्या दोरांवर.

सॅडल म्हणजे झाडावर टांगून बसायचा कमरेचा पट्टा. तो वापरणाऱ्याकडे दोन दोर असतात. एक खोडाला वेढा घालून कमरेच्या दोन्ही बाजूंना अडकवायचा, म्हणजे चढताना हात मोकळे राहतात. दुसरा टेदर. तो वर पोचल्यावर डोक्याच्या उंचीवर खोडाला बांधायचा आणि त्यावर तासन्‌तास रेलून बसायचं.

कमरेचा दोर पावलोपावली आवळावा लागतो, कारण खोड वर निमुळतं होत जातं. मध्ये फांदी आली की पुन्हा उलटसुलट. हातमोज्यातल्या एका हाताने प्रुसिक सरकवणं वैतागाचं काम आहे. इथे कॅमचा, म्हणजे फिरत्या धातूच्या जबड्याने दोर दाबून धरणारा अ‍ॅडजस्टर हवा. टेदर मात्र एकदा बसवला की फारसा हलत नाही, तिथे मी प्रुसिकच ठेवतो. धातू नाही, त्यामुळे खणखणाट नाही. हरणाच्या कानांपुढे ही गोष्ट लहान नाही!

आता खरी निवड. अ‍ॅडजस्टर कोणता, त्याआधी दोर किती जाडीचा ते बघा. 10 ते 13 मिमीसाठी बनवलेल्या कॅममध्ये 8 मिमीचा दोर घातला तर तो घसरू शकतो. प्रुसिकची दोरी मुख्य दोरापेक्षा दोन-तीन मिमी बारीक आणि लवचिक हवी. सारख्या जाडीची किंवा ताठर असेल तर नीट पकडत नाही. त्यासाठी डायनिमा या कृत्रिम धाग्याची दोरी घेऊ नका. ती गुळगुळीत असते आणि घर्षणाने तापली तर सुमारे 150 अंश सेल्सियसलाच वितळते. पॉलिस्टर 250 च्या आसपास वितळतो.

दात असलेले कॅम (उदाहरणार्थ रोपमॅन 2) चिखलात, बर्फात छान पकडतात, पण जोराचा हिसका बसला तर दोराचं आवरण फाडतात. साधारण 4 ते 6 किलोन्यूटनला, म्हणजे चार-सहाशे किलो वजनाएवढ्या ताणाला, ही वेळ येऊ शकते. आणि चार-सहाशे किलो ऐकून निर्धास्त होऊ नका. न ताणणाऱ्या दोराला हातभर झोल असेल आणि पाय सटकला, तर तेवढा हिसका सहज बसतो. ही साधनं शरीर धरून ठेवायला आहेत, पडणाऱ्याला झेलायला नाहीत. म्हणून टेदर कायम ताणलेला आणि त्याची गाठ खांद्याच्या वरच ठेवा. अ‍ॅडजस्टरखाली एक गाठ मारा, दोराच्या मोकळ्या टोकालाही एक. कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) आपोआप बंद होऊन कुलूप लागणारा घ्या. साधा फाटक असलेला सालीला घासून उघडू शकतो.

एक गोष्ट बरेचजण विसरतात. पायाखालची फळी निसटली आणि तुम्ही टेदरवर लोंबकळलात, तर पूर्ण वजनाखाली ना प्रुसिक सहज सैल होते, ना छोटा कॅम. दोरावर पाय अडकवून उभं राहता येईल असा एक फास खिशात असू द्या, वजन पायावर घेतलं की गाठ सैल होते. फार वेळ तसंच लटकलात तर पायांत रक्त साचून शुद्ध हरपू शकते. ही सुटका आधी जमिनीपासून वीतभर उंचीवर करून बघा, तीही त्याच हातमोज्यांत आणि दोर ओला करून.