तंतू हवे होते, मणी का मिळतात?

प्रश्न : मी जैवतंत्रज्ञानात संशोधन करते. जखमेवरच्या पट्टीसाठी पॉलिकॅप्रोलॅक्टोन या पॉलिमरचे नॅनोतंतू इलेक्ट्रोस्पिनिंगने (सुईतल्या द्रावणाला उच्च व्होल्टेज देऊन तंतू ओढण्याच्या पद्धतीनं) काढते आहे. सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंवर मणीच मणी दिसतात. व्होल्टेज १२ किलोव्होल्टवरून २० वर नेलं, तरी तेच. शिवाय पेशी वरच्या थरावरच राहतात, आत उतरत नाहीत. काय करू?

उत्तर : आधी व्होल्टेजच्या बटणावरचा हात काढा. ते समोरच असतं म्हणून सगळे तेच फिरवतात; मण्यांचं मूळ बहुतेकदा द्रावणात असतं. सुईच्या टोकाशी थेंबाचा शंकू होतो (जेफ्री टेलर यांनी १९६४मध्ये त्याचं गणित मांडलं, म्हणून टेलर शंकू) आणि त्यातून सुटलेली धार गरगर फिरत ताणली जाते. पृष्ठताण तिचे थेंब करायला टपलेलाच असतो. पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींत पुरेशा गुंतलेल्या असतील तरच धार टिकते. द्रावण पातळ असेल तर मणी ठरलेलेच.

तुमचं द्रावण १० टक्क्यांचं असेल तर १२, मग १४ करून बघा. द्रावक म्हणून नुसतं क्लोरोफॉर्म वापरत असाल तर त्यात डायमिथिलफॉर्मामाइड हे दुसरं द्रावक थोडं मिसळा. त्यानं विद्युतवाहकता वाढते, धारेवर प्रभार जास्त बसतो आणि ती जास्त ताणली जाते. अर्थात हे सगळं फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात). एका वेळी एकच गोष्ट बदला, काचपट्टीवर थोडे तंतू घेऊन साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बघा. ठळक मणी तिथेही दिसतात, दर वेळी एसईएमसाठी (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी) रांग लावायला नको. सुईकडेही लक्ष असू द्या. शंकू सुईच्या आत ओढला जात असेल, तर व्होल्टेज जास्त झालंय.

पेशींचं दुखणं वेगळं आहे. तंतू काहीशे नॅनोमीटरचे, त्यांच्यातल्या फटी जेमतेम एक-दोन मायक्रोमीटरच्या, आणि पेशी दहाच्या पुढे. आत शिरणार कुठून? तंतू जितका बारीक तितका उत्तम, हा हट्ट मला कधीच पटला नाही. पट्टी नुसती जखम झाकायला असेल, तर पेशी वर राहिल्यानं काही बिघडत नाही. आत जायलाच हव्या असतील, तर तंतू जाड करा, किंवा दुसऱ्या सुईतून पॉलिइथिलीन ऑक्साइडचे तंतू सोबत सोडा आणि नंतर पाण्यानं धुऊन काढा. त्यांची जागा मोकळी होते.

आणि पेशी पेरण्याआधी तंतूंच्या थराची चकती निर्वात ओव्हनमध्ये नीट वाळवा, पण तापमान ६० अंशांच्या खूप खाली ठेवा. तिथे पॉलिकॅप्रोलॅक्टोन वितळतं. उरलेल्या क्लोरोफॉर्मनं पेशी मेल्या, तर दोष उगाच फटींवर जायचा.