वाचकांचे प्रश्न : राज्यक्रांती आणि मरणशय्येवरची चिठ्ठी

प्रश्न : फ्रेंच राज्यक्रांती धर्मसत्तेविरुद्ध झाली, असे आम्ही शाळेत शिकलो. एका व्याख्यानात मात्र तिची मुळे धर्मातच शोधणाऱ्या अमेरिकन इतिहासकाराचा उल्लेख ऐकला. हे कोण? (एक वाचक, सांगली)

उत्तर : व्याख्यात्यांच्या मनात बहुधा डेल व्हॅन क्ले असावेत. मिशिगनमधील कॅल्विन कॉलेजात आणि पुढे ओहायो स्टेट विद्यापीठात शिकवणाऱ्या या अभ्यासकाने उभी हयात जॅन्सेनिस्टांचा माग काढण्यात घालवली. ईश्वरी कृपेवाचून माणूस तरत नाही, असे मानणारे हे कर्मठ कॅथलिक. जेझुइट या दुसऱ्या कॅथलिक पंथसंघाशी त्यांचे हाडवैर. १७१३ मध्ये पोपने ‘उनिजेनितुस’ या आज्ञापत्राने त्यांच्यापैकी केनेल यांच्या ग्रंथातील १०१ विधाने निषिद्ध ठरवली आणि तंटा पेटला.

१७५० च्या सुमारास तो पॅरिसमध्ये थेट मरणशय्येपाशी पोहोचला. आज्ञापत्र मानणाऱ्या धर्मगुरूपुढे पापांची कबुली दिल्याची चिठ्ठी मरणासन्न माणसाने दाखवली नाही, तर त्याला अखेरचा संस्कार नाकारला जाई. नातेवाईक दाद मागत ती पार्लमाँकडे (नावावरून संसद वाटेल, पण ही होती न्यायसभा). तिने असे धर्मगुरू दोषी धरले, तर १७५३ मध्ये राजाने न्यायाधीशांनाच पॅरिसबाहेर धाडले. या भांडणात ल पेज यांच्यासारख्या जॅन्सेनिस्ट वकिलांनी राजा कायद्याहून मोठा नाही, हे पानोपानी मांडले, आणि व्हॅन क्ले यांना राजकीय क्रांतीची भाषा घडताना दिसते ती तिथे. ५ जानेवारी १७५७ रोजी पंधराव्या लुईवर चाकूने वार करणाऱ्या दामियाँलाही व्हॅन क्ले केवळ माथेफिरू म्हणून बाजूला सारत नाहीत. त्याने न्यायाधीशांच्या घरी चाकरी केली होती आणि जबानीत तो नाकारलेल्या संस्कारांबद्दलच बोलत होता.

धर्मानेच क्रांती घडवली, असे मात्र १९९६ च्या त्यांच्या मुख्य ग्रंथातही म्हटलेले नाही. प्रबोधनाचे विचारवंत त्यात आहेतच. १७७० नंतरचा दुवा मला स्वतःला किंचित सैल वाटतो, कारण तोवर जॅन्सेनिस्ट इतर राजविरोधकांत बरेचसे मिसळून गेले होते. तरीही १७९० मध्ये क्रांतिकारकांनी चर्चची नवी घटना केली आणि धर्मगुरूंकडून तिच्याशी निष्ठेची शपथ मागितली, तेव्हा जवळजवळ निम्म्यांनी ती नाकारली, आणि कोणत्या धर्मगुरूच्या हातून संस्कार घ्यावेत, हा प्रश्न फ्रान्समधल्या घराघरांत पुन्हा उभा राहिला.