हूक रात्री घरात

या खेपेला टपालातली तीन पत्रं गाडीच्या मागच्या हुकाचीच निघाली. एक वरुडकडचं, एक आमच्या दारव्हा तालुक्यातलं आणि एका आईचं हिंगणघाटहून. हायड्रॉलिक आणि गिअरवाल्यांनी एक महिना थांबावं. हुकाकडे एरवी कोणी वळूनही पाहत नाही, आज त्याचा मान.

प्रश्न : मिस्त्रीकाका, माझी संत्र्याची बाग आहे. जुन्या जीपला मागे चौकोनी नळी बसवलेली आहे. तिच्यात गोळ्याचा हूक सरकवायचा आणि आडवी पिन घालायची. त्यावर फवारणीच्या टाकीचा छोटा ट्रेलर ओढतो, हंगामात क्रेटही. मागे एका लग्नाला गेलो, कार्यालयाबाहेर जीप लावली. जेवून येतो तर पिन नाही अन् हूकही नाही. नवा घेतला, तर तो महिनाभरात नळीत असा बसला की निघायचं नाव घेत नाही. वेल्डिंगवाला म्हणतो, टाका मारून देतो, चोरीचीही कटकट गेली अन् काढायचीही. मारू का टाका?
– एक बागायतदार, वरुड तालुका

उत्तर : नका मारू. असे टाके मी स्वतः पुष्कळ मारून दिलेत, म्हणून सांगतो. गोळा कायमचा बाहेर राहतो आणि अंधारात त्याच्यावर पहिली नडगी घरच्याच माणसाची फुटते. ते परवडलं, पण टाक्यामागे नळी आतून किती खाल्ली गेली हे नंतर कोणालाच दिसत नाही. दिसतं ते थेट ट्रेलर सुटल्यावर.

आता तो अडकला का, ते पाहू. फवारणी कशाची करता ते तुम्ही लिहिलं नाही, पण वरुडची संत्रा बाग म्हटली की डिंक्या (झाडातून डिंक गळायचा रोग) आला आणि डिंक्या आला की बोर्डो मिश्रण आलं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मिश्रण नीट उतरलं का हे पाहायला आपण त्यात विळा बुडवतो. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी निवळी घालायची. तो तांबूस थर म्हणजे काय? मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं आणि तेवढंच लोखंड विरघळून पाण्यात जातं. तुम्ही विळ्यावर मुद्दाम करून पाहता तेच तुमच्या हुकावर रोज फुकटात होतं आहे. टाकीचा नळ किंवा पाइपाचा जोड ट्रेलरच्या दांडीवर ठिबकत असणार. जाऊन बघा. हूक निघाला की त्याच्या दांड्यावर कुठे तांबूस-हिरवट डाग दिसले तर माझा अंदाज खरा समजा. वरून काळी माती नळीत शिरते, सुकली की सिमेंटासारखी धरते, आणि पुढच्या पावसात ओल धरून ठेवते.

काढायचा असा. पिन आधी काढा. (हसू नका, पिन आत ठेवून घण मारणारे पाहिलेत.) नळीच्या तोंडाशी आणि पिनच्या भोकातून डिझेल सोडा, संध्याकाळी एकदा, झोपताना एकदा. गंज सोडवायचं स्प्रेचं तेल मिळालं तर उत्तम. सकाळी नळीच्या चारही बाजूंना हातोडीनं हलके ठोके द्या, गंजाचा पापुद्रा फुटू द्या. मग हुकाच्या मानेला लाकडाचा ठोकळा लावून डावीकडून-उजवीकडून हलवत ओढा. गोळ्यावर घण नको. गोळ्याला एक चेप पडली की त्यावर बसणारी ट्रेलरची वाटी नीट बसत नाही.

निघाला की तारेच्या ब्रशनं नळी आणि दांडा दोन्ही लख्ख करा, हुकाच्या उघड्या भागाला रेड ऑक्साइड द्या आणि सरकणाऱ्या भागाला ग्रीसचं बोट फिरवून फडक्यानं पुसून घ्या. पुसून घेतल्यावर जेवढं राहतं तेवढंच हवं. जाड ग्रीस लावाल तर वावरातली धूळ तिथेच मुक्कामाला येते. फवारणी झाली की साध्या पाण्यानं धुवा. आणि काम संपलं की हूक काढून घरात न्या. रोज निघतो त्या हुकाला गंज धरायला सवड मिळत नाही, आणि गाडीला नसलेला हूक लग्नात कोणी नेऊ शकत नाही. चोरी अन् गंज ही तुमची दोन दुखणी नाहीत, एकच आहे. निघणारा हूक तुम्ही काढत नव्हता.

कुलूपवाली पिन घ्यायची असेल तर जरूर घ्या. दोन इंची नळीला १६ एमएमची लागते. तिच्या चावीच्या तोंडावर रबरी टोपी असते, ती पहिल्या आठवड्यात हरवू नका. कुलपात तेल ओतू नका, शिसपेन्सिलीचं टोक किसून ती पूड चावीला लावून फिरवा. पण असलं कुलूप घाईतल्या चोराला थांबवतं. कटर घेऊन आलेल्याला नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सांगतो. नवा गोळा व्हर्निअरनं मोजा. बाजारात ५० एमएमचा मिळतो आणि दोन इंचाचाही, म्हणजे ५०.८. डोळ्यांना दोन्ही सारखेच. ५० च्या वाटीत दोन इंची गोळा दाबून बसवला की वरची कडी पूर्ण बंद होत नाही. आपल्याला वाटते झाली. उलटं केलं तर खुळखुळतो. आणि ट्रेलरची वेगळी नोंदणी आरटीओत झालेली नसेल तर ते काम आधी. कायद्याच्या लेखी ट्रेलर हेसुद्धा वाहनच आहे.

प्रश्न : काका, कोठ्याजवळ ट्रॅक्टर उभा होता. रात्रीतून मागचा ट्रॉलीचा हूक नेला, त्याच्या दोन्ही आडव्या पिना नेल्या, ट्रॉलीची उभी पिन नेली. अवजाराला वरून धरणारा दांडा, टॉप लिंक, तीही गेली. ठाण्यात गेलो तर हुकाची किंमत चार हजारांच्या आत आहे म्हणून नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून दिली. आपल्या इथं गरिबाचं कोणी ऐकत नाही. सध्या भावकीतला एक जुना हूक लावला आहे, पिनच्या जागी सळाख घालतो. कापूस वेचणीला आला, काम थांबवता येत नाही. परत मिळेल का काही?
– एक शेतकरी, दारव्हा तालुका

उत्तर : भाऊ, चोरीचं नंतर. ती सळाख आज काढा, पत्र वाचून खाली ठेवायच्या आधी.

माझं वर्कशॉप नवं होतं तेव्हाची गोष्ट. ट्रॉलीची पिन कोणीतरी पळवली. दिवाळी झालेली, ट्रॉली कापसानं गच्च भरलेली, पहाटे जिनिंगला नंबर लावायचा. मी १६ एमएमच्या सळाखीचा तुकडा कापला, वरून वाकवला आणि पिन म्हणून घातला. मिस्त्री होतो ना, मला कोण सांगणार! शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंत काही झालं नाही. नाल्याच्या रपट्यावरून वर चढताना एक झटका बसला, ट्रॅक्टर एकदम हलका झाला, आणि मागं पाहिलं तर ट्रॉली उलटी घरंगळत नाल्याकडे चाललेली. मागून कोणी सायकलवाला येत नव्हता, एवढंच नशीब. ट्रॉली कलंडली, कापूस पाण्यात. दिवसभर बाया ओला कापूस वेगळा करत होत्या आणि माझ्याकडे कोणी बघत नव्हतं, ते जास्त लागलं. ती सळाख मी ठेवली आहे. विळ्यासारखी वाकली आहे. दुकानात खिळ्याला टांगून ठेवली आहे.

हिशेब असा. हुकाचं भोक ३२ एमएमचं असेल आणि सळाख १६ ची, तर जाडी निम्मी झाली. पण ताकद निम्मी होत नाही, पाव होते. वरून भोकात मोकळीक राहते, त्यामुळे प्रत्येक गचक्याला ट्रॉलीची कडी सळाखीवर हातोड्यासारखी आदळते. सळाख स्लॅबात घालायला केलेली असते, हे झटके सोसायला नाही. भोकात बरोबर बसणारी पिन घ्या, खालून चिमटा लावा, आणि ट्रॉलीची दांडी ते ट्रॅक्टर अशी एक साखळी ढिली बांधून ठेवा. माझ्या ट्रॉलीला तेव्हा ती असती तर कापूस वाचला असता.

हूक नाही म्हणून कोणी टॉप लिंकच्या जागेवर ट्रॉली किंवा टोचनाची साखळी लावायला सांगेल. अजिबात ऐकू नका. ओढायची जागा मागच्या आसाच्या वर गेली की जोर लागताच ट्रॅक्टर पुढून उठतो आणि चालवणाऱ्याच्या अंगावर उलटतो. विचार करायलाही वेळ मिळत नाही.

भावकीतला हूक लावलाच आहे तर त्याची भोकं बघा. गोल असतील तर ठीक, लांबट अंड्यासारखी झाली असतील तर परत करा. नवी पिनसुद्धा पंधरा दिवसांनी काढून तिच्या पोटाला नख फिरवा. नख अडकेल इतकी खाच पडली की ती पिन भंगारात.

आता ठाण्याचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या ३७९ च्या जागी आता चोरीचं कलम ३०३ आहे. त्यात नवीन गोष्ट अशी की चोरीचा माल पाच हजारांपेक्षा कमी किमतीचा असेल आणि चोर पहिल्यांदाच दोषी ठरला, माल किंवा त्याची किंमत त्यानं परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा. असा गुन्हा अदखलपात्र धरला आहे, आणि अदखलपात्र गुन्ह्यात मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. म्हणून एनसी. इथं तरी तुमच्या गरिबीचा दोष नाही.

पण तुमचंच पत्र पुन्हा वाचा. टॉप लिंक गेली हे तुम्ही सहज, शेवटी लिहिलंय. ठाण्यात सांगितलंत का? की 'हूक गेला' एवढंच? हूक, दोन आडव्या पिना, उभी पिन, टॉप लिंक, सगळ्याची यादी करा, असतील ती बिलं जोडा. बेरीज पाच हजार किंवा वर गेली तर ती दखलपात्र चोरी आहे, आणि एफआयआर लिहून घ्या असं तुम्ही अर्ज देऊन म्हणू शकता. किंमत मात्र फुगवू नका. दुकानदाराला एक फोन केला की खरा भाव कळतो.

परत मिळेल का? लोखंड किलोवर विकलं गेलं असेल तर नाही. हुकाच्या हूकपणाला भंगारात किंमत नसते, वजनाला असते. तरी आसपासच्या भंगारवाल्यांकडे एक चक्कर टाका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हाही कलम ३१७ खाली गुन्हा आहे, हे त्यांनाही ठाऊक असतं. पण समजा तुमचा हूक तिथे दिसला, तर तो तुमचाच हे कशावरून सांगाल? सगळे हूक एकाच घरचे. म्हणून नवा आणला की नंबर-पंचानं ट्रॅक्टरच्या नंबरचे शेवटचे चार आकडे दोन जागी ठोका, एक समोर आणि एक हूक बसतो त्या रेलिंगमध्ये झाकल्या जाणाऱ्या बाजूला. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आमच्याकडे कोणी आलं तर मी पंचाचे पैसे घेत नाही. विम्याची आशा फार धरू नका. अशा वाहनांच्या पॉलिसीत सहसा अट असते की सुटं सामान वाहनासोबत चोरी गेलं तरच भरपाई. पॉलिसी काढून वाचा.

माझे वडील बैलगाडी वावरात सोडून यायचे, पण जुवाच्या शिवळा (बैलाची मान अडकवायच्या खुंट्या) काढून खांद्यावरच्या पिशवीत घालून घरी आणायचे. शिवळेवाचून बैल कसा जुंपणार? ट्रॅक्टर आला अन् आपण ती सवय मोडली. हूक जड आहे, रोज उचलून नेणं जिवावर येतं, मला कळतं. मग निदान उभी पिन आणि टॉप लिंक तरी संध्याकाळी घरात घ्या आणि ट्रॅक्टरचा मागचा भाग कोठ्याच्या भिंतीला अगदी चिकटवून लावा, हूक खेचायला जागाच उरू नये.

प्रश्न : माझा मुलगा जर्मनीत असतो. त्याच्या कारला मागे हंसाच्या मानेसारखा वाकडा हूक आहे, त्याला सायकली न्यायचा छोटा ट्रेलर लावतो. काम झालं की दरवेळी हूक काढून डिकीत ठेवतो, थंडीत हात गारठतात म्हणतो. ह्यांचं म्हणणं, भरपूर ग्रीस लावून तसाच राहू दे. कोण बरोबर?
– एक आई, हिंगणघाट

उत्तर : ताई, मुलगा बरोबर. तिकडे लावलेला हूक नंबरप्लेट झाकत असेल तर ट्रेलर नसताना तो काढावाच लागतो, आणि गाडीला राहिलेला महागडा हूक चोरालाही दिसतो.

साहेबांना सांगा, ग्रीसचा सल्ला ट्रॉलीच्या कडीला लागू आहे, तिथल्या प्रत्येक गोळ्याला नाही. काही ट्रेलरच्या वाटीत घर्षणाच्या पट्ट्या असतात, त्या गोळ्याला आवळून ट्रेलरचं डोलणं थांबवतात. तिथे गोळा कोरडा ठणठणीत हवा, नाहीतर पट्ट्या घसरतात. वाटी साधी असेल तर थोडं ग्रीस चालतं. गोळा ५० एमएमचा असतो. झिजून कुठेही ४९ झाला की तो बदलायचा. हूक काढल्यावर गाडीखालच्या खोबणीत प्लास्टिकचा बूच बसवायचा, कारण हिवाळ्यात तिकडे रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते आत गेलं की कुलूप धरतं. बसवताना बऱ्याच मॉडेलांत फिरकीवर हिरवी खूण समोर येते आणि पूर्ण लॉक झाल्याशिवाय चावी बाहेर निघत नाही. चावी निघत नसेल तर ओढाताण करू नये, हूक काढून पुन्हा बसवावा.

चावीवर एक नंबर कोरलेला असतो. चावी हरवली तर नवी त्या नंबरावरूनच मागवता येते, आणि हरवल्यावर नंबर बघायला चावी नसते. आज फोन कराल तेव्हा तो लिहून घ्या आणि तुमच्याजवळ हिंगणघाटला ठेवा. डिकीत हूक पट्ट्यानं बांधून ठेवतो का, तेही विचारा. अचानक ब्रेक लागला तर मोकळा लोखंडी हूक सीटपर्यंत येतो.