वाचकांचे प्रश्न : ऑस्करची नामांकने आणि वर्णाचा वाद

प्रश्न : २०१५ आणि २०१६ अशी सलग दोन वर्षे ऑस्करच्या अभिनय विभागांतील वीसच्या वीस नामांकने गोऱ्या कलावंतांना मिळाली, म्हणून अमेरिकेत वादळ उठले. परंतु पुरस्कार अभिनयाला असतो, कातडीच्या रंगाला नव्हे. त्या वर्षी त्यांचीच कामे सरस ठरली असतील, तर त्यात अन्याय कोणता?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. मात्र ‘सरस’ कोणी ठरवले आणि कशातून निवडून ठरवले, हे पाहिल्याशिवाय तिचे उत्तर देता येत नाही.

अभिनयाची नामांकने अकादमीच्या, म्हणजे ऑस्कर देणाऱ्या संस्थेच्या, केवळ अभिनेते-अभिनेत्री असलेल्या सदस्यांच्या मतांनी ठरतात. प्रत्येक जण पसंतीक्रमाने पाचपर्यंत नावे लिहितो आणि ज्याला पहिल्या पसंतीची साधारण एक-षष्ठांश मते मिळतात, त्याचे नामांकन तिथेच पक्के होते. या पद्धतीत सर्वांना बरे वाटणारे काम सहज मागे पडते, तर थोड्याच लोकांना मनापासून पहिले वाटणारे काम पुढे निघून जाते. त्यामुळे मतदार कोण आहेत, कोणत्या जगात वाढले आहेत आणि कोणती गोष्ट त्यांच्या काळजाला भिडते, याला मोठे महत्त्व येते. लॉस एंजेलिस टाइम्सने २०१२ मध्ये अकादमीच्या मतदारांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांपैकी सुमारे ९४ टक्के गोरे आणि ७७ टक्के पुरुष असल्याचे, तसेच त्यांचे मध्यम वय ६२ असल्याचे दिसून आले. मतदानाचा हा हक्क तेव्हा तहहयात होता. यांतील एकाच्याही मनात द्वेष नव्हता असे धरून चालले, तरी इतक्या एकसारख्या मंडळींची पहिली पसंती एकसारखीच येणार, हे उघड आहे.

२०१६ ची यादी जवळून पाहिली की हे लक्षात येते. ‘क्रीड’चे दिग्दर्शक रायन कूगलर आणि नायक मायकल बी. जॉर्डन हे दोघेही कृष्णवर्णीय. त्या चित्रपटाला एकमेव नामांकन मिळाले, ते सिल्वेस्टर स्टॅलन यांना. ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’ ही कृष्णवर्णीय रॅप गायकांची कथा. तिचे एकमेव नामांकन पटकथेचे होते आणि पटकथालेखक गोरे होते. एखादे उदाहरण योगायोग म्हणून सोडून देता येईल, पण हे सारे एकाच यादीत आणि सलग दुसऱ्या वर्षी घडले, तेव्हा लोकांनी त्याला योगायोग मानले नाही, आणि माझ्या मते ते बरोबर होते.

शिवाय मतदारांपुढे येण्याआधीच बरेच काही ठरून गेलेले असते. भूमिकाच मिळाली नाही, तर अभिनय दिसणार कोठून? १९३७ च्या ‘द गुड अर्थ’ या चित्रपटाची कथा चीनमधल्या शेतकरी कुटुंबाची होती. चिनी वंशाच्या अमेरिकन अभिनेत्री अ‍ॅना मे वाँग यांना त्यात नायिकेची भूमिका हवी होती. ती लुइझे रायनर या गोऱ्या अभिनेत्रीला मिळाली आणि त्याच भूमिकेसाठी रायनर यांना ऑस्करही मिळाले. रायनर यांच्या कौशल्याविषयी तक्रार नाही. प्रश्न एवढाच, की वाँग यांची गुणवत्ता कोणत्या मतपत्रिकेवर मोजली जाणार होती?

हॅटी मॅकडॅनियल यांचा प्रसंग तर माझ्या मनातून जात नाही. ‘गॉन विथ द विंड’मधील गुलाम दाईच्या भूमिकेसाठी २९ फेब्रुवारी १९४० रोजी त्यांना सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला आणि ऑस्कर जिंकणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत ठरल्या. समारंभ ज्या हॉटेलात होता, तिथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता, म्हणून निर्मात्याला खास परवानगी काढावी लागली. चित्रपटातले सहकलाकार एकत्र बसले आणि मॅकडॅनियल यांना दूर, भिंतीलगतच्या एका छोट्या टेबलावर बसवण्यात आले. त्यांच्यानंतर ऑस्कर जिंकणारी दुसरी कृष्णवर्णीय अभिनेत्री म्हणजे हूपी गोल्डबर्ग, आणि ते वर्ष होते १९९१. मधल्या ५१ वर्षांचे कारण अभिनयातील उणीव हे होते, असे मानायला माझे मन तयार नाही.

प्रश्न : मग अकादमीने आता सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी घातलेल्या अटी म्हणजे एक प्रकारचे आरक्षणच नव्हे का?

उत्तर : नाही. चित्रपटनिर्मितीत स्त्रिया, अल्पसंख्य वर्णगट अशा उपेक्षित गटांना स्थान मिळावे म्हणून घातलेल्या या अटी २०२० मध्ये जाहीर झाल्या आणि २०२४ च्या पुरस्कारांपासून बंधनकारक झाल्या. त्या फक्त सर्वोत्कृष्ट चित्रपट या एकाच विभागाला लागू आहेत. पडद्यावरील पात्रे व कथा, पडद्यामागील चमू, नवोदितांना प्रशिक्षणाची संधी आणि प्रसिद्धी-वितरण अशा चार निकषांपैकी कोणतेही दोन पूर्ण केले की पुरते. सर्व प्रमुख पात्रे गोरी असलेला चित्रपटही उरलेल्या निकषांवर सहज पात्र ठरतो, आणि अभिनयाच्या नामांकनांत कोणासाठीही जागा राखलेली नाही. खरे सांगायचे तर मला या अटी फारच सौम्य वाटतात. मोठ्या स्टुडिओंना त्यासाठी फारसे काही बदलावे लागत नाही.

खरा फरक पडला तो मतदारयादीमुळे. शेरिल बून आयझॅक्स अध्यक्ष असताना, जानेवारी २०१६ मध्ये, अकादमीने स्त्रिया आणि अल्पसंख्य वर्णगटांतील सदस्यांची संख्या २०२० पर्यंत दुप्पट करण्याचे ठरवले. त्याच वर्षी ६८३ आणि २०१८ मध्ये ९२८ जणांना सदस्यत्वाचे निमंत्रण गेले, त्यांत परदेशांतले कलावंतही पुष्कळ होते. २०२० मध्ये ‘पॅरासाइट’ हा कोरियन चित्रपट सर्वोत्कृष्ट ठरला; इंग्रजी नसलेल्या चित्रपटाला हा मान पहिल्यांदाच मिळाला. पण त्याच ‘पॅरासाइट’च्या एकाही नटाला नामांकन मिळाले नाही, आणि त्या वर्षी अभिनयाच्या वीस नामांकनांत सिंथिया एरिवो याच एकट्या कृष्णवर्णीय होत्या.

प्रश्न : २०२३ मध्ये मिशेल यो यांचा उल्लेख ‘स्वतःला आशियाई म्हणवणारी, सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे नामांकन मिळालेली पहिली कलावंत’ असा लांबलचक का होत होता?

उत्तर : कारण त्यांच्याआधी, १९३६ मध्ये, मर्ल ओबेरॉन यांना ‘द डार्क एंजल’साठी ते नामांकन मिळाले होते. ओबेरॉन १९११ साली मुंबईत जन्मल्या आणि त्यांच्या आईकडून दक्षिण आशियाई वंशाच्या होत्या; जगाला मात्र त्यांचा जन्म टास्मानियात झाल्याचे सांगितले जात असे. त्या काळी हॉलिवूडच्या आचारसंहितेत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय व्यक्तींमधील प्रेमसंबंध दाखवण्यास बंदी होती आणि स्टुडिओ ती बंधने आशियाई कलावंतांपर्यंत ताणत, तेव्हा खरे सांगितले असते तर गोऱ्या नायकासमोर नायिका म्हणून त्यांना उभे राहता आले नसते. त्यांनी हे गुपित जवळजवळ आयुष्यभर सांभाळले. १९७९ साली त्यांचे निधन झाले आणि खरी हकिकत लोकांसमोर आली ती त्यानंतर.