'जैवसुसंगत' म्हणजे 'बिनविषारी' का?

विचारणा अशी आहे: खुब्याच्या कृत्रिम सांध्याच्या माहितीपत्रकात 'बायोकम्पॅटिबल', म्हणजे 'जैवसुसंगत', हा शब्द येतो. त्यासाठी मराठीत 'बिनविषारी' किंवा 'निरुपद्रवी' चालेल का?

चालणार नाही. बिनविषारी असणं ही फक्त पहिली चाचणी. पदार्थाचा तुकडा पेशींच्या पोषकद्रवात ३७ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवतात आणि तो अर्क उंदराच्या एल-९२९ पेशींवर घालतात. जिवंत पेशी ३० टक्क्यांहून जास्त घटल्या तर पदार्थ नापास. इथे चांगलं प्लॅस्टिकही विनाकारण नापास होतं: निर्जंतुक करताना त्यात मुरलेला एथिलीन ऑक्साइड वायू पुरता निघून गेला नसेल, तर पेशी त्या वायूनेच मरतात.

जैवपदार्थांचे अभ्यासक डेव्हिड विल्यम्स यांनी १९८७ साली मांडलेली जैवसुसंगतीची व्याख्या आजही प्रमाण मानली जाते. तिचा आशय असा: विशिष्ट वापरात, शरीराचा योग्य प्रतिसाद मिळवत, काम करण्याची पदार्थाची क्षमता. 'विशिष्ट वापरात' हे शब्द गाळले की अर्थच बदलतो.

अतिउच्च रेणुभाराचं पॉलिएथिलीन घ्या. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने घडवलेली हृदयाची झडप १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली. तिची तबकडी याच प्लॅस्टिकची. खुब्याच्या सांध्यातली वाटीही बहुधा त्याचीच. अखंड वाटी शरीर निमूट सहन करतं. पण वर्षानुवर्षं घासून तिचे मायक्रोमीटरभर किंवा त्याहून बारीक कण सुटतात. मॅक्रोफेज, म्हणजे शरीरात शिरलेले परके कण गिळणाऱ्या संरक्षक पेशी, ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्यांनी सोडलेल्या रसायनांमुळे हाड विरघळवणाऱ्या पेशी चेततात, सांध्याभोवतीचं हाड झिजतं आणि रोपण सैल होतं. प्लॅस्टिक तेच, विषारीही नाही, पण कणांच्या रूपात सुसंगत राहत नाही. म्हणून हल्ली किरणोत्साराने त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडून झीज कमी करतात.

तेव्हा 'जैवसुसंगत' हाच शब्द घ्यावा, जोडून लिहावा. नामासाठी 'जैवसुसंगतता'पेक्षा 'जैवसुसंगती' जिभेला सोपं. 'जैवअनुकूल' मात्र टाळावं, ते पर्यावरणपूरक वस्तूंच्या जाहिरातीसारखं वाचलं जातं. आणि नुसतं 'टायटॅनियम जैवसुसंगत आहे' असं कधीच लिहू नये. 'हाडातल्या रोपणासाठी टायटॅनियम जैवसुसंगत आहे' असं लिहावं, कारण हाडाशी घट्ट जुळणारा तोच धातू उघडा रक्तात ठेवला तर त्याच्या पृष्ठभागावर गुठळी धरू शकते.