करवत हातात घेण्यापूर्वी

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे परवा मिळाली. काल रात्री ती पुन्हा एकदा भिंगाखाली पाहिली. वाड्याच्या पाडकामातून 11,000 रुपयांना घेतलेले काचेच्या दारांचे सागवानी कपाट, ते पांढरे रंगवून त्याच्या पोटात हात धुण्याचे बेसिन बसवून मागणारी ग्राहक, त्यासाठी तिने कबूल केलेले 42,000 रुपये आणि पुढच्या आठवड्यात भरायचे तुझ्या गाळ्याचे भाडे, असा सगळा पेच तू मांडला आहेस. शेवटी मात्र एवढेच विचारले आहेस की पांढरा रंग ब्रशने मारावा की स्प्रेने. हा तुझा प्रश्न नाही, हे तुलाही माहीत आहे. नाही तर त्या कपाटाच्या मागच्या फळीवर हाताने रंधा मारताना उमटलेल्या लाटा अजून बोटांना लागतात, हे सांगण्यात तू अर्धे पान घालवले नसतेस.

जुने लाकूड का वाचवायचे, हे मी तुला समजावत बसणार नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि या पत्रात ती तुला वारंवार ऐकावी लागेल. जे काही करशील, त्याला परतीची वाट ठेव. तुझ्या नंतर ते कपाट ज्याच्या हाती जाईल, त्याला तुझे काम उलगडून मूळ वस्तूपर्यंत पोहोचता आले पाहिजे.

हे मी कसे शिकलो ते ऐक. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. त्या पाण्यात उभे राहिलेले एक सागवानी कपाट पुष्कळ वर्षांनी माझ्याकडे पॉलिशसाठी आले. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो आणि विजेवर चालणारे घासायचे मशीन नुकतेच घेतले होते. कपाटाच्या चारही बाजूंना, माझ्या छातीच्या उंचीवर, एक काळपट आडवी रेघ होती. ती गाळाने उमटलेली होती आणि लाकडात चांगली मुरली होती. मी दोन दिवस खपून ती पूर्णपणे घालवली, वर आरशासारखे पॉलिश केले आणि मोठ्या अभिमानाने मालकीणबाईंना बोलावले. त्यांचे वय तेव्हा सत्तरीच्या पुढे असेल. त्या आल्या, कपाटाच्या पुढे उभ्या राहिल्या आणि त्या उंचीवर हात फिरवत बाजूला गेल्या, मग मागे गेल्या, मग पुन्हा पुढे आल्या. "रेघ कुठे गेली?" एवढेच त्यांनी विचारले. त्या घरात मुले मोठी होताना त्या रेघेशी उंची मोजून घेत असत, हे मला नंतर कळले. त्यांनी एकही वाकडा शब्द न बोलता ठरलेले सगळे पैसे दिले. मी ते घेतले. त्या पैशांचे काय केले ते आठवत नाही, पण रिकाम्या लाकडावरून फिरणारा तो हात अजून डोळ्यांपुढे येतो.

घासलेले लाकूड परत येत नाही. कापलेली फळी परत येत नाही. चढवलेले पॉलिश उतरवता येते, जोडलेला भाग सोडवता येतो, लावलेली फळी काढता येते. हा भेद तुझ्या हातांत मुरला पाहिजे, कारण मशीन चालू झाल्यावर डोके विचार करत नाही.

आता तुझ्या कपाटाकडे येतो. सर्वप्रथम त्यावर कोणते पॉलिश आहे ते शोध. कापसाचा लहान बोळा स्पिरिटमध्ये भिजवून दाराच्या आतल्या कडेला, जिथे कोणाची नजर जाणार नाही अशा ठिकाणी, मिनिटभर टेकव. पृष्ठभाग चिकट झाला आणि बोळ्याला तांबूस रंग लागला तर ती लाख आहे. काहीच झाले नाही, तर नंतर कोणी तरी मेलामाईन किंवा पीयू (पॉलीयुरेथेन) यांसारखे स्पिरिटमध्ये न विरघळणारे आधुनिक पॉलिश चढवले आहे असे समज. छायाचित्रांवरून मला ती लाखच वाटते. पळस, बोर आणि कुसुम यांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या किड्यांची ही राळ आहे, आणि आपल्या देशात तिचे मोठे उत्पादन झारखंडात होते. ती स्पिरिटमध्ये विरघळते आणि वाळल्यावर वर्षांनुवर्षांनी पुन्हा स्पिरिट लावले तरी पुन्हा विरघळते. गरम कप ठेवला की तिच्यावर पांढरे वर्तुळ उमटते, म्हणून तिला कमकुवत म्हणणारे पुष्कळ आहेत. मी म्हणतो, ते वर्तुळ स्पिरिटच्या बोळ्याने तासाभरात निघते. पीयूवर ओरखडा पडला की बहुधा सगळा पृष्ठभाग खरवडावा लागतो. लाखेला परतीची वाट आहे, म्हणून मी आयुष्यभर तिच्याशी एकनिष्ठ राहिलो.

तुझे कपाट खरवडण्याची गरजच नाही. अर्धा लिटर स्पिरिटमध्ये 100 ग्रॅम चपडा लाख, म्हणजे पातळ पापुद्र्यांची लाख, टाकून रात्रभर ठेव आणि सकाळी मलमलीतून गाळून घे. ती काचेच्या बाटलीत भर, लोखंडी डब्यात नको, कारण लोखंडाने लाख काळवंडते. लागेल तेवढीच कर. भिजवलेली लाख महिनोन्‌महिने ठेवली तर नीट वाळत नाही आणि दोष मात्र तुझ्या हाताला लागतो. कपाट आधी कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पूस, पूर्ण वाळू दे आणि मग कापसाचा बोळा मलमलीत बांधून पातळ हात देत जा. संततधार पाऊस असलेल्या दिवशी पॉलिशला बसू नकोस, हवेतल्या ओलाव्याने लाखेवर धुक्यासारखा पांढरटपणा धरतो. गिऱ्हाईक घाई करत असले तरी बसू नकोस.

एका बाबतीत मात्र मी तुझ्यावर रागावलो आहे. कपाटाच्या आत जुना हिरवा ऑइलपेंट आहे आणि तो तू घराच्या गॅलरीत मशीनने कोरडा घासणार आहेस, असे लिहितेस. त्याच पत्रात बहीण तिच्या तान्ह्या बाळाला घेऊन राहायला आली आहे, हेही लिहितेस. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा) जास्त नसावे, हा नियम आपल्याकडे 2016 साली निघाला आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे लागते, आणि शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. तो रंग घराबाहेर, गाळ्यावर, पाणी मारून वॉटरपेपरने काढ, चांगला मास्क लाव आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नकोस. रंग घट्ट बसलेला असेल तर तो तसाच राहू दे. जवसाच्या उकळलेल्या तेलाचे बोळे आणि फडकीही गोळा करून कोपऱ्यात टाकत जाऊ नकोस. ती आपोआप तापून पेट घेतात, म्हणून पसरून वाळवायची किंवा पाण्यात बुडवून ठेवायची.

आता बेसिन. ग्राहकाला बेसिन हवे आहे, तर ते दे. वस्तूचा उपयोग बदलण्याला माझा विरोध आहे असे तू समजली असशील तर ते चुकीचे आहे. वाड्याच्या एका दाराचे मी जेवणाचे टेबल केले होते. दार दोन लाकडी घोड्यांवर, म्हणजे तिवईसारख्या आधारांवर, आडवे ठेवले, वर जाड काच टाकली आणि कोयंड्यापासून कडीपर्यंत सगळे जागच्या जागी राहू दिले. उद्या कोणाला ते पुन्हा चौकटीत बसवायचे झाले, तर चार माणसांनी उचलावे आणि बसवावे. असे काम करायला डोके लागते, म्हणून लोक करवत घेतात.

तुझ्या कपाटाची वरची फळी आणि मधला कप्पा कापू नकोस. मधला कप्पा पट्ट्यांवर नुसता टेकलेला आहे, तो सरळ बाहेर निघेल. त्याच्या जागी वॉटरप्रूफ प्लायचा वेगळा कप्पा बनव, बेसिनचे भोक त्या प्लायला पाड आणि तो जुन्याच पट्ट्यांवर टेकव. नळाची पाइप मागच्या फळीतून नेण्याचा मोह होईल. मागची एक फळी खाचेतून सरकवून काढ, तिच्या जागी प्लायची पट्टी घाल आणि पाइप त्या पट्टीतून ने. काढलेली फळी आणि मूळ कप्पा कापडात गुंडाळून ग्राहकाच्या स्वाधीन कर आणि ते माळ्यावर ठेवायला सांग. निघालेले पितळी स्क्रू पिशवीत घालून त्यावर कुठले ते लिही. सैल झालेले सांधे सरसानेच, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या जुन्या डिंकानेच, जोड. फेव्हिकॉल नव्या कामाला उत्तम आहे, पण सरसाचा सांधा कोमट पाण्याने आणि वाफेने सुटतो आणि फेव्हिकॉलचा सांधा सोडवताना लाकूड फुटते. इथेही परतीची वाटच ठेवायची आहे.

आणि पांढरा रंग? तो मारू नकोस असे मला मनापासून वाटते. तो थांबवण्याचा एकदा प्रामाणिक प्रयत्न कर. एका दाराचा तळ नुसता पुसून, लाखेचे दोन हात देऊन ग्राहकाला उजेडात दाखव. सागाचा तो मधाळ रंग पाहून तिचे मन बदलू शकते. नाही बदलले, तर आधी मेण काढलेल्या लाखेचे दोन हात सर्वत्र दे आणि त्यावर रंग मार. मग रंग लाकडाच्या रेषांत उतरत नाही, सागाचे तेलही रंगातून वर येत नाही आणि पुढच्या माणसाला तो काढताना सुईने रेषा उकरत बसावे लागत नाही. ब्रशने की स्प्रेने, ते तुझे तू ठरव.

जाहिरातीत "शंभर वर्षे जुने अँटिक" असे लिहिणार आहेस, ते खोडून टाक. तुला ते माहीत नाही. रंध्याच्या लाटा आणि हाताने कापलेले सांधे यांवरून एवढेच म्हणता येते की ते हाताने बनवलेले आहे. शिवाय 1972 च्या पुरावशेषविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत, आणि त्यांच्या व्यापारासाठी परवाना लागतो. लोक भाव वाढवण्यासाठी वय वाढवतात आणि त्याच वाक्याने स्वतःला अडकवून घेतात. वस्तू कुठल्या पेठेतून आली, तू काय बदललेस आणि काय तसेच ठेवलेस, हे एका कागदावर लिही आणि तो कागद दाराच्या आत चिकटवून दे.

हिशेबाचेही एक सांगतो, कारण तुझ्या पिढीला ते पटकन कळते. मालाच्या विक्रीवर जीएसटी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा आपल्या राज्यात वर्षाला 40 लाखांची आहे, म्हणजे तू अजून पुष्कळ दूर आहेस. पण धंदा वाढेल तेव्हा लक्षात ठेव की जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने खरेदीवर इनपुट क्रेडिट (खरेदीत भरलेल्या कराची वजावट) घेतलेले नसेल, तर कर फक्त खरेदी आणि विक्री यांतील फरकावर भरण्याची सवलत आहे. ती सवलत वस्तू आहे तशी, किंवा तिचे स्वरूप न बदलणारी किरकोळ प्रक्रिया करून विकली, तरच मिळते. कपाट कापून निराळीच वस्तू केलीस तर हा आधार डळमळतो. नियम लिहिणाऱ्यांच्या मनात लाकूड नव्हते, तरी मला तो वाचून बरे वाटले होते.

मी हट्टी आहे असे तू इतरांकडून ऐकले असशील. शेजारच्या गाळ्यातील कारागिराने त्या काळात मेलामाईन घेतले, पुढे पीयू घेतले आणि त्याचे दोन टेंपो झाले. मी एका हॉटेलचे चौदा खुर्च्यांचे काम परत केले, कारण त्यांना शिसवाच्या खुर्च्या काळ्या ड्यूकोत, म्हणजे लाकूड पूर्ण झाकणाऱ्या चकचकीत रंगात, बुडवून हव्या होत्या. त्या वर्षी आमचे घर तुझ्या काकूच्या शाळेतल्या पगारावर चालले, आणि त्यापुढचीही दोन वर्षे. तिने कधी बोलून दाखवले नाही, पण माझ्या तत्त्वाची किंमत मी एकट्याने दिली नाही. तरीही त्या खुर्च्या परत केल्या हे बरोबर होते, असे मला आजही वाटते. त्या दुसरीकडे बुडवल्या गेल्या असतील, हे मला ठाऊक आहे. पण त्या माझ्या हातून बुडाल्या नाहीत. आज मला वाटते की तेव्हा मी नुसता नकार देऊन उठलो, तिथे चुकलो. लाखेचा थर आधी द्या, मग काळा रंग द्या, असे मी त्यांना सांगू शकलो असतो. तेव्हा मला फक्त हो किंवा नाही एवढेच सुचत असे. तुला मी वर जे सुचवले, ते त्या चौदा खुर्च्यांनंतर शोधलेले आहे.

म्हणून हे काम सोड असे मी म्हणत नाही. भाडे भर. 42,000 घे, प्लायच्या कप्प्याचे आणि सरकवलेल्या फळीचे जास्त लागणारे दोन दिवस त्यात धर आणि पुरत नसेल तर ग्राहकाकडे तेवढे वाढवून माग. का मागते आहेस ते तिला सांग.

रविवारी सकाळी मी जुन्या बाजारात जाणार आहे. छायाचित्रात डाव्या दाराची खालची बिजागरी बाकीच्यांहून नवी आणि लोखंडी दिसते. उरलेल्या तीन पितळीच आहेत ना, ते पाहून त्यांची लांबी, रुंदी आणि भोकांमधले अंतर मिलिमीटरमध्ये शनिवारपर्यंत कळव. जुळती मिळाली तर घेऊन येतो. येईपर्यंत मागच्या फळीवर मशीन लावू नकोस, मला त्या लाटांवरून एकदा हात फिरवायचा आहे.

तुझा,
काका