अपघातस्थळाच्या फोटोंवरून रस्त्याच्या कडेच्या सुरक्षिततेचा अभ्यास कसा करावा?

तुमचा प्रश्न असा: गाडी रस्ता सोडून कडेला धडकल्याचे दोन-तीनशे फोटो जमले आहेत, त्यांवरून कोणता कठडा जास्त सुरक्षित ते ठरवता येईल का, आणि फोटोवरून मापं कशी काढायची?

ठरवता येणार नाही, आणि हे आधीच सांगतो, कारण बहुतेक अभ्यास इथेच फसतात. कठडा कसा निकामी झाला हे फोटोत फार छान दिसतं. किती वेळा निकामी होतो हे मात्र त्यातून कळत नाही. कठड्याने काम चोख केलं की गाडी पत्र्याला घासते, वेग कमी होतो, चालक बंपर बघतो आणि निघून जातो. त्या धडकेचा फोटो कुणी काढत नाही. तुमच्या संग्रहात वाईट शेवट झालेल्या घटनाच जास्त असणार, म्हणून त्यातून टक्केवारी काढू नका. टक्केवारीच हवी असेल तर देखभाल करणाऱ्यांच्या दुरुस्तीच्या नोंदी मिळवा. कुठेही तक्रार न झालेल्या धडकाही तिथे बदललेल्या खांबांच्या रूपात सापडतात.

आता फोटो काय सांगतात ते. डब्ल्यू आकाराच्या पत्र्याचा कठडा घ्या. पत्रा खाली दबलाय, वरच्या कडेवर टायरचा काळा पट्टा आहे आणि खांबांची डोकी घासलीत, तर गाडी वरून गेली. ओरखडे पत्र्याच्या खालच्या कडेला आहेत आणि बॉनेट काचेपर्यंत चेपलंय, तर गाडी खाली घुसली. दोन्हींत पहिला संशय उंचीवर घ्यायचा. कठड्याच्या अलीकडे कर्ब (रस्त्याच्या कडेची उंच पट्टी) आहे का तेही बघा, कारण त्यावरून चाक उसळलं की योग्य उंचीचा पत्राही ठेंगणा ठरतो. मग खांबाचं बूड बघा. खांब कललाय आणि त्याच्यामागची माती फुगून वर आलीय, तर मातीने जागा दिली, म्हणजे ठीक. खांब जमिनीलगतच दुमडलाय, तर बुडाशी काँक्रीट किंवा डांबर असण्याची शक्यता मोठी. पत्रा फाटला असेल तर कुठे फाटला ते नोंदवा. सांध्याच्या बोल्टच्या भोकांतून फाटणं आणि खांबापाशी फाटणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सांध्यावर पत्र्याची उघडी कड येणाऱ्या वाहतुकीकडे असेल तर जोडणीच उलटी झालेली आहे.

कठड्याचं टोक हा सर्वांत महत्त्वाचा भाग, तिथे जास्त वेळ द्या. काही प्रकारांत धडकेनंतर टोकाचा डोकेवजा भाग पत्र्यावरून सरकत जातो, पत्रा सपाट करतो आणि बाजूला गुंडाळीसारखा बाहेर टाकतो. ती गुंडाळी दिसली तर यंत्रणा चालली. तिची लांबी म्हणजे डोकं तेवढं सरकलं. गुंडाळी नाही, डोक्याच्या जवळच पत्रा कोनात मोडलाय आणि त्याचं टोक दारातून किंवा इंजिनामागून आत शिरलंय, तर डोकं अडकलं. का अडकलं ते त्या एका फोटोत क्वचितच मिळतं. त्यासाठी त्याच जागेचे अपघाताआधीचे, रस्त्यावरून काढलेले जुने फोटो शोधा: आधीची धडक दुरुस्त न करता सोडली होती का, एका प्रकारचं डोकं दुसऱ्याच प्रकारच्या भागांना जोडलं होतं का.

एक सापळा आहे. छत कापलेलं, दार उचकटलेलं दिसलं की धडक भयंकर होती असं वाटतं. ते बचाव पथकाने कटरने केलेलं असू शकतं. कापाची कड सरळ आणि स्वच्छ असते, धडकेत फाटलेला पत्रा वेडावाकडा ताणलेला असतो. पत्राही अडकलेली गाडी सोडवण्यासाठी कापतात. क्रेनने गाडी हलवली की मातीत नवे चर पडतात. म्हणून फोटो वेळेच्या क्रमाने लावा आणि सगळ्यांत आधीच्या फोटोवर जास्त भरवसा ठेवा.

मापांसाठी फोटोतच मोजपट्टी शोधा: खांबांमधलं अंतर (अनेक अमेरिकी रचनांत ते 1.905 मीटर असतं, इतरत्र वेगळं, म्हणून जागेवर तपासा) किंवा गाडीच्या दोन चाकांच्या आसांमधलं निर्मात्याने दिलेलं अंतर. रस्त्याच्या पृष्ठभागावरचे चार बिंदू आणि त्यांची खरी मापं हाती असली की फोटो वरून पाहिल्यासारखा सरळ करता येतो. पण हे फक्त सपाट पृष्ठभागाला लागू. उतारावरची किंवा उंच वस्तू त्यात चुकीच्या जागी पडते. आणि दूरचं माप झपाट्याने सैल होतं. कॅमेरा 1.6 मीटर उंचीवर आणि फोकल लांबी (लेन्स दृश्य किती मोठं करते त्याचं माप) 3000 पिक्सेल धरली तर 10 मीटरवर एक पिक्सेल म्हणजे रस्त्यावर, कॅमेऱ्यापासून दूर जाण्याच्या दिशेने, सुमारे 2 सेंटीमीटर, 40 मीटरवर सुमारे 33. तोच कॅमेरा 5 मीटरच्या काठीवर चढवला की 40 मीटरवरचा आकडा 11 सेंटीमीटरच्या आत येतो.

ब्रेकच्या खुणेवरून वेग काढताना तो किमान वेग समजा. घर्षणांक 0.7 आणि खूण 25 मीटर असेल तर सुमारे 67 किलोमीटर प्रतितास निघतो, पण खूण संपल्यावर गाडी झाडावर आदळली असेल तर तो वेग यात नाही. खुणेतल्या बारीक रेघाही बघा. त्या खुणेला समांतर असतील तर चाक जाम झालं होतं. तिरप्या असतील तर चाक फिरत होतं आणि गाडी आडवी सरकत होती. अशी तिरप्या रेघांची खूण असेल तर वेगाचा वरचा हिशोब लावू नका.

स्वतः फोटो काढणार असाल तर झूम एकदा ठरवा आणि हलवू नका. शेजारच्या फोटोंत 70 टक्के भाग सामाईक ठेवा. गाडीने जिथे रस्ता सोडला तिथून तिच्याच दिशेने चालत जा. भरावाचा उतार रस्त्यावरून खाली बघून काढू नका, तसा तो सपाट दिसतो. बाजूने, आडव्या छेदासारखा काढा. उभ्या 1 ला आडवे 4 आणि 1 ला 3 यांतला फरक मोठा आहे: पहिल्यावर चालकाला गाडी सावरता येऊ शकते, दुसऱ्यावर ती बहुधा तळापर्यंत जाते. मूळ फाइल जपा, कारण मेसेजिंग अॅपवरून पाठवली की तारीख आणि लेन्सची माहिती बहुधा गळून जाते. अभ्यासासाठी वापरायच्या प्रतींत मात्र चेहरे आणि नंबरप्लेट पुसा. त्या गाडीत कुणाचं तरी माणूस होतं.

नोंदी दोघांनी एकमेकांचं न बघता भराव्यात, मग जुळवाव्यात. तक्त्यात ‘नव्हतं’ आणि ‘फोटोत दिसत नाही’ हे दोन वेगळे रकाने ठेवा.